आधी गाणाऱ्याचा आवाज: छोट्या बँडची साउंड सिस्टिम

छोट्या बँडला स्वतःची साउंड सिस्टिम घ्यायची असेल तर माझा कौल असा आहे: दहा इंची दोन पॉवर्ड टॉप (आतच ॲम्प असलेले, स्टँडवर चढवायचे मुख्य स्पीकर), एक सब (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) आणि सोळा माईक-इनपुटांचा, टॅबलेटवरून चालणारा डिजिटल मिक्सर. आम्ही पाच जण आहोत. गायिका, गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि मी. मी बास वाजवते, मागून साथीला गाते आणि वाजवता वाजवता मिक्सही सांभाळते, कारण वेगळा ऑपरेटर सोबत घेऊन फिरणं छोट्या बँडला क्वचितच झेपतं. शे-दीडशे माणसांचे हॉल, लोक उभ्यानं ऐकतात अशा जागा, कधी उघड्यावरचं लहानसं स्टेज, इथं आम्ही वाजवतो. आमच्याकडे क्यूएससीचे के१०.२ टॉप, त्याच कंपनीचा केएस११२ सब आणि बेरिंजरचा एक्सआर१८ मिक्सर आहे. ही तिन्ही यंत्रं मी पुन्हा घेईन. का, ते सविस्तर सांगते.

आम्ही निवडीची एकच कसोटी ठेवली होती: शेवटच्या रांगेतल्या माणसाला गाण्याचे शब्द कळले पाहिजेत. सोपी वाटते, पण सिस्टिमची सगळी परीक्षा यातच होते. छोट्या जागेत ड्रमला बहुतेक वेळा स्पीकरची गरजच नसते. जोरात वाजणारा ड्रमसेट जवळून सहज १०० डेसिबलच्या वर जातो, गिटारचा ॲम्प त्याच्या बरोबरीला येतो, आणि माणसाच्या गळ्याला मात्र या दोघांच्या वर उठायचं असतं. म्हणजे सिस्टिम मुख्यतः गळ्यासाठी घ्यायची असते. बाकीची वाद्यं तिच्यातून थोडी थोडी वाजतात, इतकंच. हे एकदा पटलं की जाहिरातीतले बरेच आकडे आपोआप मागे पडतात.

सगळ्यात आधी मागे पडतो तो वॉटचा आकडा. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. म्हणून हजार वॉटचा बॉक्स सोडून दोन हजारांचा घेतला तर फरक जाणवतो, पण थोडासाच. त्यापेक्षा कमाल एसपीएल (बॉक्स जास्तीत जास्त किती जोरात वाजतो तो डेसिबलचा आकडा) पाहावा, आणि तोही शिखराचा, म्हणजे क्षणभर गाठायचा, आकडा आहे हे धरून. के१०.२ ला कंपनी एक मीटरवर १३० डेसिबल देते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. १, २, ४, ८, १६ मीटर असे चार टप्पे म्हणजे २४ डेसिबल गेले, १०६ उरले. गाण्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा दहा-बारा डेसिबल खाली धरली तर सोळा मीटरवर एका बॉक्समधून ९४ ते ९६ मिळतात. दोन बॉक्स आणि भिंतींचे परतावे धरले तर आणखी थोडे. शे-दीडशे माणसांसाठी हे पुरून उरतं. कानांचाही विचार करायला हवा: कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मर्यादेनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण १०० डेसिबल फक्त पंधरा मिनिटं. ड्रमरशेजारी उभी राहणारी मी इअरप्लगशिवाय वाजवत नाही.

आता टॉप. बँडवाल्यांना पंधरा इंची बॉक्सची ओढ असते, कारण तो दिसतो भरभक्कम आणि खालचे सूरही देतो. गाण्याच्या शब्दांसाठी मला तो पटत नाही, आणि त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. वूफरच्या, म्हणजे बॉक्समधल्या मोठ्या स्पीकरच्या, शंकूची रुंदी ध्वनिलहरीच्या लांबीपेक्षा बरीच मोठी झाली की आवाज बाजूला पसरायचा थांबतो आणि समोरच्या पट्ट्यात आवळला जातो. १५०० हर्ट्झची लहर सुमारे २३ सेंटीमीटरची असते. पंधरा इंच म्हणजे ३८ सेंटीमीटर, दहा इंच म्हणजे २५. टू-वे बॉक्समध्ये वूफर आणि हॉर्न (वरचे सूर पसरवणारा भोंगा) साधारण याच टापूत एकमेकांकडे काम सोपवतात. मोठ्या वूफरच्या बॉक्समध्ये त्या ठिकाणी आवाज आधी अरुंद होतो आणि हॉर्न सुरू झाला की एकदम पुन्हा रुंद. समोर बसलेल्याला हा फरक कळत नाही. बाजूला बसलेल्याला मात्र गायिका तोंडावर रुमाल धरून गातेय असं वाटतं.

क्यूएससीच्या या मालिकेत हा हिशेब उघड दिसतो. आठ इंची के८.२ चा पसारा १०५ अंश, दहा इंची के१०.२ चा ९०, बारा इंची के१२.२ चा ७५. वूफर वाढला की हॉर्नही अरुंद केला आहे, म्हणजे दोघांचा सांधा जुळतो. आम्ही ज्या जागांत वाजवतो त्या बहुतेक रुंद आणि उथळ असतात, लोक स्टेजच्या दोन्ही बाजूंना पसरलेले, म्हणून ९० अंश. लांबट, घुमणाऱ्या हॉलमध्ये जास्त वाजवणाऱ्यांनी बारा इंचीचा विचार करावा. तिथं भिंतींवर कमी आवाज पडणं हीच मोठी गोष्ट असते.

के१०.२ मधली मला सर्वांत आवडलेली सोय फार छोटी आहे. बुडाशी स्टँडच्या नळीसाठी दोन खाचा आहेत, एक सरळ आणि एक बॉक्स ७.५ अंश पुढे झुकवणारी. छोट्या हॉलमध्ये टॉप उंच चढवावा लागतो, हॉर्न उभ्या माणसांच्या डोक्यांच्या वर यायला हवा, नाहीतर पहिल्या दोन रांगा वरचे सूर अंगावर झेलतात आणि मागे नुसता घुमारा पोचतो. पण उंच चढवला की निम्मा आवाज समोरच्या भिंतीवर आणि छतावर जातो. ती झुकवलेली खाच आवाज माणसांकडे वळवते. घुमणाऱ्या खोलीत मी याचा फरक ताबडतोब ऐकते, इक्वलायझरला (सुरांचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करायची सोय) हात लावायच्या आधी. वजन साडेचौदा किलो आहे, एकट्या माणसाला स्टँडवर चढवता येतं. आणि हाच बॉक्स आडवा टाकून मॉनिटर (स्टेजवरच्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) म्हणून चालतो, त्यासाठी आतमध्ये वेगळं सेटिंगही दिलं आहे.

कॉलम सिस्टिमबद्दल मला नेहमी विचारतात. बोसनं २००३ मध्ये एल१ आणली तेव्हा कल्पना खरोखर नवी होती: बारीक उभा खांब वादकांच्या मागे ठेवायचा, त्यातूनच प्रेक्षकांना आणि वादकांना दोघांनाही ऐकू येईल, म्हणजे वेगळे मॉनिटर नकोत. आज एल१ प्रो१६ मध्ये दोन इंची सोळा ड्रायव्हर १८० अंशांत पसरतात. इलेक्ट्रो-व्हॉइसच्या इव्हॉल्व ५० मध्ये साडेतीन इंची आठ ड्रायव्हर आणि बारा इंची सब आहे, पसारा १२० अंश. दोघा-तिघांचं गाणं, एक गिटार, एक कीबोर्ड, कदाचित कहोन (हातानं वाजवायची लाकडी पेटी), एवढाच ताफा असेल तर मी डोळे मिटून कॉलम घ्यायला सांगेन. मांडायला सोपा, आडवा पसारा सुरेख, आणि खांबासमोर बसलेल्याच्या कानावर आवाज आदळत नाही.

पूर्ण ड्रमसेट असलेल्या बँडला मात्र मी तो सुचवत नाही. एक कारण म्हणजे त्याच्या पल्ल्याबद्दल जे सांगतात ते अर्धंच खरं आहे. उंच रेषेसारख्या स्रोताचा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर ३ डेसिबलच घटतो हे बरोबर, पण जवळच्या अंतरात, आणि खांबापेक्षा बऱ्याच लहान लहरींसाठीच. मीटरभर उंचीच्या खांबाला ३४० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली तो फायदा उरत नाही. गळ्याचा भरदारपणा नेमका तिथं असतो. म्हणून मागच्या रांगेत आवाज स्पष्ट पण पातळ लागतो.

दुसरं कारण फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून होणारी शिट्टी. खांब मागे, माईक पुढे, म्हणजे माईकचं तोंड स्पीकरकडे. एकटा गायक असेल तर निभावतं. ड्रमवर मात करायला आवाज चढवला की शिट्टी ठरलेली. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडनं १९७४ मध्ये आपली प्रचंड स्पीकरची भिंत बँडच्या मागेच उभी केली होती, आणि तिथं ही अडचण सोडवायला प्रत्येक गाणाऱ्यापुढे दोन माईक लावावे लागले: एकाची ध्रुवता उलटी, गायचं फक्त एकात, म्हणजे दोघांत सारखाच येणारा भिंतीचा आवाज एकमेकांना खोडून टाकतो. विलक्षण हुशारी आहे ती, मला तिचं मनापासून कौतुक आहे. आपल्याला मात्र टॉप माईकच्या पुढे ठेवले की काम भागतं.

सबबद्दल थोडक्यात. दहा इंची टॉप ६० हर्ट्झच्या खाली फारसं देत नाही, त्यामुळे किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास टॉपमधून काढायचा प्रयत्न केला की गळ्याची जागा खाल्ली जाते. एक सब आला की टॉप मोकळे होतात आणि गाणं लगेच स्वच्छ लागतं. बासची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची. बारा इंची केएस११२ तिथपर्यंत जेमतेम पोचतो, पण ८२ हर्ट्झवरचा तिचा दुसरा स्वरांश तो ठासून देतो आणि कान त्यावरून स्वर ओळखतो. अठरा इंची केएस११८ अर्थातच खोल जातो, पण तो सुमारे ४७ किलोचा आहे आणि हा सुमारे २८. जिने आमच्याच वाट्याला येतात, म्हणून हा. सब एकच असेल तर मध्ये, भिंतीला टेकवून ठेवावा. भिंतीच्या आधारानं त्याला फुकटात जोर मिळतो.

मिक्सरवर मात्र मला वेळ घालवायचा आहे, कारण छोट्या बँडचं नशीब इथं ठरतं. इनपुट मोजायला सगळेच बसतात: किक आणि स्नेअर हे दोन ड्रम, ड्रमसेटच्या वर लावलेले दोन माईक, बास, गिटार, कीबोर्डचे दोन, तीन गळे, झाले अकरा. सोळांत आरामात बसतं. पण आउटपुट मोजायला कुणी बसत नाही, आणि नंतर तिथंच अडतं. एक्सआर१८ मध्ये सोळा माईक-प्रीॲम्प, दोन लाइन इनपुट आणि सहा ऑक्स (प्रत्येकातून हवा तसा वेगळा मिक्स बाहेर काढता येणारे आउटपुट) आहेत. आमच्या पाच जणांना पाच स्वतंत्र मॉनिटर मिक्स, आणि सहावा ऑक्स सबला. हा सहावा मला सोन्यासारखा वाटतो. सबला मुख्य मिक्स न देता ऑक्स दिला की त्यात किक, बास आणि कीबोर्ड एवढंच जातं. गायकांच्या माईकमध्ये शिरणारी स्टेजची धडधड आणि माईक हातात घेताना होणारा धप्प आवाज सबपर्यंत पोचतच नाही. गळ्यांच्या चॅनेलवर १०० हर्ट्झचं हाय-पास (त्याखालचे सूर कापणारं फिल्टर) तरीही लावायचंच.

चार ऑक्सचा मिक्सर स्वस्तात मिळतो म्हणून पाच जणांच्या बँडनं घेऊ नये. कुणीतरी दोघे एकच मॉनिटर मिक्स वाटून घेतात, एकाला स्वतःचा आवाज कमी पडतो, तो ॲम्प वाढवतो, मग ड्रमर हात मोठा करतो, आणि हे सगळं शेवटी गायिकेच्या गळ्यावर येतं.

एक्सआर१८ वर फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) नाहीत, सगळं पडद्यावर. ज्यांच्या बोटांना फेडरची सवय आहे त्यांना हे आवडणार नाही, आणि त्यांनी ॲलन अँड हीथचा सीक्यू-१८टी पाहावा. फेडर त्यावरही नाहीत, पण मिक्सरवरच सात इंची टच पडदा आणि फिरवायची बटणं आहेत, टॅबलेटवाचून काम चालतं. साउंडक्राफ्टचा यूआय२४आर कुठल्याही ब्राउझरमधून चालतो, ॲप लागत नाही, आणि त्याला ऑक्सही आठ आहेत. सहा जणांच्या बँडला मी तोच सुचवेन. वायफायचं एक पथ्य मात्र या वर्गातल्या सगळ्याच मिक्सरना लागू आहे: आतल्या छोट्या अँटेनावर विसंबू नका. हॉल भरला की शेकडो फोन त्याच पट्ट्यात बोलत असतात. वेगळा राउटर नेटवर्क केबलनं जोडा, ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि प्रेक्षकांच्या डोक्यांच्या वर टांगा. जोडणी तुटली तरी आवाज बंद पडत नाही हेही लक्षात असू द्या. टॅबलेट फक्त हुकूम देतो, आवाज त्यातून जात नाही.

स्टेजवरून मिक्स करणाऱ्याची खरी अडचण अशी की त्याला समोरचं काही ऐकूच येत नाही. मी बासच्या ॲम्पपाशी उभी असते, स्पीकरच्या मागे. तिथून गायिकेचा आवाज किती हवा हे ठरवणं म्हणजे अंदाज. यावर यूएसबी हा मोठा आधार आहे. एक्सआर१८ अठरा चॅनेल लॅपटॉपवर वेगवेगळे रेकॉर्ड करतो आणि तेच अठरा परत मिक्सरमध्ये वाजवतो. आम्ही नव्या जागी गेलो की मांडणी झाल्यावर आधीच्या कार्यक्रमातलं गाणं त्याच चॅनेलांतून परत सोडते आणि टॅबलेट घेऊन शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहते. स्टेज रिकामं, पण आमचाच बँड वाजत असतो. शब्द कळतात का, स्नेअर टोचतो का, बास एका कोपऱ्यात साचतो का, हे सगळं चालत फिरत ठरवते. फीडबॅकचा अंदाज यातून येत नाही, कारण माईक जिवंत नसतात. ते काम नंतर: मॉनिटर हळूहळू चढवायचा, शिट्टीची सुरुवात झाली की आउटपुटच्या ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर तो पट्टा शोधून थोडा खाली घ्यायचा. तीन-चार पट्टे पुरे. त्याहून जास्त लागले तर चूक मांडणीत आहे असं समजून मॉनिटरची जागा बदला.

त्या जागेलाही नियम आहे. शुअरचा एसएम५८ माईक, जो १९६६ पासून चालत आला आहे, तो कार्डिऑइड, पाठीमागून सर्वांत बहिरा. त्याचा मॉनिटर बरोबर माईकच्या शेपटीकडे हवा. बीटा ५८ए सारखा सुपरकार्डिऑइड मात्र शेपटीकडून थोडं ऐकतो आणि तिरक्या मागच्या बाजूंना बहिरा असतो, म्हणून मॉनिटर थोडा बाजूला सरकवायचा. माईक बदलला आणि मॉनिटर तिथंच राहिला की लोक माईकला नावं ठेवतात. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची मोकळीक ३ डेसिबलनं घटते, त्यामुळे जो गात नाही त्याचा माईक म्यूट. आमच्याकडे ड्रमर आणि कीबोर्डवाला इअरफोनवर आहेत, त्यामुळे स्टेजवरचे दोन मॉनिटर कमी झाले आणि गायिकेच्या माईकला श्वास मिळाला.

विजेबद्दल मला अगदी कडकपणे बोलायचं आहे. घरघर येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. गिटारच्या तारा ॲम्पमधून अर्थला जोडलेल्या असतात आणि माईकची जाळी मिक्सरमधून. दोघांपैकी एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि त्या बाजूला बिघाड असेल, तर तार आणि जाळी यांच्यामधला रस्ता म्हणजे गाणाऱ्याचं शरीर. १९७२ मध्ये स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावल्यानं स्टेजवरच गेला. सगळ्या स्टेजला आणि मिक्सरला एकाच चांगल्या अर्थिंगच्या बोर्डावरून वीज घ्या, बोर्ड टेस्टरनं तपासा, आणि घरघर आली तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी पेटी) वापरा. तो सिग्नलच्या केबलची जोडणी तोडतो, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

विकत घेण्याआधी बॉक्स कसे ऐकावेत याबद्दल शेवटचं. रेकॉर्ड केलेलं गाणं लावून पारखू नका, मिक्स झालेलं गाणं कुठल्याही बॉक्सवर बरं वाजतं. आपला माईक आणि आपली गायिका सोबत न्या. बॉक्स स्टँडवर, हॉर्न डोक्याच्या वर. तिला संगीताशिवाय एक कडवं गाऊ द्या आणि एक नुसतं वाचू द्या, स, श, च, त भरपूर असलेलं. तुम्ही समोरून बाजूकडे चालत जा. पंचेचाळीस अंशांपर्यंत तिचा आवाज थोडा लहान झाला तर चालेल, बदलता कामा नये. मग आवाज कार्यक्रमाच्या पातळीला चढवा आणि पुन्हा ऐका, कारण हळू आवाजात गोड वाटणारे काही बॉक्स जोरात गेले की दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास कर्कश होतात. माईक हातात घेऊन बॉक्सच्या मागे आणि बाजूला उभं राहूनही पाहा, शिट्टी किती लवकर लागते ते. आणि जो माणूस तो बॉक्स दर कार्यक्रमाला उचलणार आहे त्यानंच तो जमिनीवरून उचलून स्टँडवर एकदा चढवून पाहावा.